गाडीचं तोंड आग्नेयेला

बाईंच्या पिकअपच्या टपावर हाताच्या पंजाएवढा एक काळा अँटेना होता. शार्कच्या पाठीवर पर असतो त्या आकाराचा. तो मी चिकटवला होता, आणि त्याच्याखाली एकही वायर नव्हती. हे आधीच सांगून टाकतो. बाईंच्या गोष्टी मी आजवर पुष्कळ सांगितल्या. गणपतीत सांगितल्या, कुणाकडे जेवणं उरकल्यावर सांगितल्या. लोक हसले, ‘काय बाई आहे!’ म्हणाले. प्रत्येक वेळी तो काळा तुकडा तेवढा मी हातचा राखला.

बाई हाडांच्या डॉक्टर. नागपूरकडच्या. पन्नाशी केव्हाच उलटलेली, उंची बेताची, हात मात्र गवंड्याचे. आयर्लंडमधल्या स्लायगोच्या हॉस्पिटलात माझी बायको त्यांच्या हाताखाली काम करायची. मी डब्लिनजवळ सँडीफोर्डला एका सॉफ्टवेअर कंपनीत. आठवडाभर क्लोनडॉकिनच्या एका खोलीत राहायचं आणि शुक्रवारी ऑफिसातून निघून स्लायगोची ट्रेन पकडायची, असा आमचा संसार चालला होता.

पहिल्या भेटीत बाईंनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. दारातून खुर्चीपर्यंत मी चाललो तेवढ्यात त्यांनी मला वाचून काढलं.

“बॅग डाव्या खांद्यावर घेतोस. कंबर उजवीकडे दुखते. दुखते ना?”

“हो, पण तुम्हाला कसं...”

“महिनाभर उजव्या खांद्यावर घे. मग सांग नाव.”

महिन्याभरात कंबर दुखायची थांबली. नाव मी सांगितलं, पण ते त्यांनी कधी वापरलं नाही. मी कायम ‘अरे इंजिनियर’.

बाईंचं एक वाक्य होतं: “कंपनीने दिलं नाही ना? मग आपण बसवायचं.” हे त्या माणसांबद्दलही म्हणत आणि यंत्रांबद्दलही, एकाच सुरात. ड्रमक्लिफकडचा एक शेतकरी होता, त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जखम भरली, नकली पाय आला, तरी तो गडी भिंतीकडे तोंड करून पडलेला. ट्रॅक्टरचा क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो, तो पाय त्याला भरवशाचा वाटेना. आणि ट्रॅक्टर नाही तर तो नाही. बाई सुट्टीच्या दिवशी गावातल्या वेल्डरला घेऊन त्याच्या शेतावर गेल्या. क्लच हाताने ओढता येईल असा दांडा बसवून घेतला. मग गमबूट काढला, डावा पाय मांडीखाली दुमडला आणि ट्रॅक्टरवर बसून स्वतः शेताला दोन फेऱ्या मारल्या. उतरल्या आणि त्याला म्हणाल्या, “युवर टर्न.” माझी बायको तिथे होती. ती सांगते, तो शेतकरी रडत नव्हता, बाईंना शिव्या घालत होता. आणि चढत होता.

अशा बाईंच्या घरात काका होते. काका म्हणजे त्यांचे यजमान, भूगोलाचे मास्तर. बायको परदेशी निघाली तेव्हा नोकरी सोडून तिच्या मागोमाग आलेले. मी त्यांना पाहिलं तोवर त्यांची आठवण उसवायला लागली होती. आधी रस्ते गेले, मग माणसं, मग शब्द. दिवसभर खिडकीशी बसून असत. बाई ड्यूटीवरून आल्या की म्हणत, “अहो, मी आले.” काका वळून पाहत आणि फार अदबीने म्हणत, “बसा. त्या येतीलच इतक्यात.”

“येऊ देत,” बाई म्हणत, “तोवर चहा करते.”

पिकअप आली तीही काकांमुळेच. एका रविवारी गुरांच्या बाजाराशेजारून जाताना काकांनी एका जुन्या, चिखलाने माखलेल्या पिकअपकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “ही आपली.” कित्येक महिन्यांत ते आपण होऊन काही बोलले नव्हते. बाईंनी गाडी थांबवली, पिकअपचा मालक शोधला आणि ती विकत घेतली. तिला मेंढ्यांचा वास यायचा, तो शेवटपर्यंत गेला नाही.

त्या पिकअपमध्ये काका वेगळे होत. उंच सीटवर बसले की पाठ ताठ. आणि जुनं हिंदी गाणं लागलं की ते चक्क बोलत. गाणं कुठलं, सिनेमा कुठला, हे नाही. तो कुठे बसून बघितला ते.

“हा बाल्कनीत बघितला. पंखा बंद होता.”

“हो ना, किती उकडत होतं,” बाई म्हणत.

“इंटरव्हलला वडे नव्हते.”

“संपले होते हो.”

“पुढच्या वेळी आधी उठू.”

आणि गाणं तुटलं की ते म्हणत, “इंटरव्हल,” आणि उठायला लागत.

अडचण हीच होती. गाडीच्या रेडिओवर दूरचं स्टेशन कसंबसं लागायचं, आणि गाणं तुटायचं. मोबाइलचं बाईंना वावडं. हॉस्पिटलचा पेजर आणि घरचा फोन, बस. सीडी लावून पाहिल्या, पण काकांना त्या चालत नसत. पुढचं गाणं कोणतं येणार हे कुणालाच माहीत नसलं पाहिजे, निवेदकाने मध्येच बोललं पाहिजे, तरच तो सिनेमा. बाई अमेरिकेला भाचीकडे जाऊन आल्या होत्या. तिच्या पिकअपमध्ये सॅटेलाइट रेडिओ. वाळवंटातून दिवसभर गाडी चालली तरी गाणं तुटलं नाही. बाईंनी परत येताच मला फर्मावलं, “अरे इंजिनियर, आपल्या गाडीला तो बसव.”

“बाई, ते अमेरिकेत. इथे तशी सेवाच नाही.”

“नाही म्हणजे? उपग्रह काय आयर्लंडला वळसा घालून जातात?”

“तसं नाही, पण...”

“कंपनीने दिलं नाही ना?”

“नाही.”

“मग?”

मी ‘करतो’ म्हणालो. बाईंना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. बायको त्यांच्या हाताखाली होती म्हणून नव्हे. मला त्यांच्यापुढे ट्रॅक्टरवर चढणारा माणूस व्हायचं होतं.

मग शोधाशोध केली. चालत्या गाडीत उपग्रहाचा रेडिओ खरोखरच मिळत नव्हता. घरांच्या भिंतींवरच्या टीव्हीच्या तबकड्यांना उपग्रहावरून गाणी मिळतात, पण तबकडी हलली की संपलं. दोन शनिवार मी डॅशबोर्ड उघडून बसलो. तिसऱ्या शनिवारी बाईंनी काकांना नवा शर्ट घालून तयार ठेवलं होतं.

आमच्या धंद्यात डेमो नावाचा एक प्रकार असतो. गिऱ्हाईक दारात आलं आणि आतलं काम झालेलं नसलं, तर पडद्यावर आधीच लिहून ठेवलेलं उत्तर दाखवायचं. खरं काम नंतर. सगळे करतात. मी तेच केलं. नवा रेडिओ बसवला, माझा एक जुना फोन ग्लोव्ह बॉक्सच्या मागे खोल दडवला, त्याला गाडीच्या बॅटरीची वीज दिली, आणि लंडनहून जुनी हिंदी गाणी लावणारं एक स्टेशन इंटरनेटवरून त्यात कायमचं चालू ठेवलं. टपावर तो काळा तुकडा चिकटवला, कारण उपग्रह म्हटल्यावर टपावर काहीतरी हवं.

किल्ली फिरवली. गाणं आलं. काका म्हणाले, “पुढच्या रांगेत बघितला. मान दुखली.”

बाई खाली उतरल्या, टाचा उंचावून टपावरच्या त्या तुकड्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “सध्या एकच चॅनल लागतं, बाई.”

“बास आहे की. अजून कशाला लागतं?”

सुरुवातीचे महिने फार सुखाचे गेले. आधी बाई आठवड्यातून एकदा काकांना फिरवत, आता रोज. काका वजनाने भरले. एकदा तर बाई आत आल्यावर म्हणाले, “आलीस?” बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या प्लास्टर कापत होत्या आणि त्यांचा हात जराही हलला नाही. नंतर मात्र गॅलरीत जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. डब्लिनहून मी त्या फोनचा टॉप-अप न चुकता भरत होतो. माझ्या मते तेवढ्याने फिटत होतं.

मग बाईंनी विचारलं, “अरे, ग्लेनिफच्या दरीत गेलं की बंद का पडतो?”

मोबाइलला तिथे रेंज नव्हती, म्हणून. मी म्हणालो, “उपग्रह आग्नेयेला आहे बाई, आणि क्षितिजापासून फारसा वर नाही. मध्ये डोंगर आला की सावली पडते. गाडीचं तोंड आग्नेयेला ठेवायचं आणि समोर मोकळं बघायचं.”

खोटं असं सांगता आलं, कारण ते अर्धं खरं होतं. पण बाईंना सांगितलेली गोष्ट जिथल्या तिथे राहत नसे. पुढच्या शनिवारी त्यांनी काकांचं शाळेतलं पितळी होकायंत्र डॅशबोर्डवर बसवलं होतं. महिन्याभरात अख्ख्या जिल्ह्यात आग्नेय कुठून मोकळी दिसते ते त्यांना पाठ झालं. कुठलं चर्च आड येतं, कुठली झाडं पानं गळल्यावर चालतात. पार्किंगमध्ये त्यांची पिकअप नेहमी सगळ्यांच्या विरुद्ध, तिरकी. लोक हसत. आणि गंमत म्हणजे मोकळी जागा म्हणजे बहुधा गावाजवळची जागा, तिथे रेंजही असायची, त्यामुळे माझं खोटं महिनोन् महिने बरोबर ठरत गेलं.

स्ट्रँडहिलच्या पुढे समुद्राकाठी एक ओसाड पुळण आहे. ऑक्टोबरमध्ये बाई काकांना घेऊन तिथे गेल्या. आग्नेय आरपार मोकळी. बाईंच्या हिशोबाने त्याहून उत्तम जागा जिल्ह्यात नव्हती. मोबाइलला मात्र तिथे मिणमिणती रेंज होती, आली तर आली.

गाणं लागलं आणि अर्ध्यात तुटलं. बाई होकायंत्र घेऊन खाली उतरल्या आणि काय आड येतंय ते बघायला वाळूच्या टेकाडावर चढल्या. काही आड येत नव्हतं. त्या पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. तेवढ्यात काका दुसऱ्या दाराने उतरले. इंटरव्हल झाली होती. वडे संपायच्या आत पोचायचं होतं.

कुत्रा फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्यांना छातीएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं. बाई धावत पोचल्या तेव्हा तो काकांच्या खांद्यावर आपला कोट टाकत म्हणत होता, “ही इज ग्रँड, मिसेस, ही इज ग्रँड. ही वॉज ओन्ली लुकिंग फॉर हिज टी.” ग्रँड म्हणजे तिकडे ठीकठाक. काका मराठीत त्याच्याकडे वडे मागत होते आणि तो दर वेळी मान हलवून “ऑफ कोर्स, ऑफ कोर्स” म्हणत होता.

काकांना न्यूमोनिया झाला. बरेच दिवस काही सांगता येत नव्हतं. मी शुक्रवारी पोचलो आणि तडक हॉस्पिटलात गेलो. बाई काकांच्या पायाशी बसल्या होत्या. मी तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या,

“अँगल चुकला माझा.”

“बाई...”

“तीस वर्षं हाडं सरळ रेषेत बसवतेय रे. आणि गाडी लावता आली नाही.”

बाई स्वतःबद्दल असं कधी बोलत नसत. मी गप्प बसलो. आधी वाटलं, आत्ता नको, त्या दमल्यात. मग वाटलं, काका बरे होऊ देत. काका बरे झाले, घरी आले, पुन्हा खिडकीशी बसले. आणि पिकअप अंगणात उभी राहिली. बाई तिला हात लावीनात. काका पुन्हा म्हणू लागले, “बसा. त्या येतीलच इतक्यात.” बायकोलाही मी काही सांगितलं नाही. ती म्हणायची, “तू का एवढा मनाला लावून घेतोस? तू तर मदतच केलीस.”

वसंतात एका शनिवारी बाईंचा निरोप आला, पाना घेऊन ये. अंगणात पिकअपच्या हौद्यात हॉस्पिटलने मोडीत काढलेला, मोडलेले पाय ताणून टांगायचा ट्रॅक्शनचा खांब पक्का बोल्ट केलेला. शेजारच्या रिकाम्या घराच्या भिंतीवरून विचारून आणलेली गंजकी तबकडी. कॅराव्हॅनच्या दुकानातला बॅटरीवर चालणारा रिसीव्हर.

“चालत्या गाडीत नको आता,” बाई म्हणाल्या. “थांबून ऐकू. पण ऐकू ते खात्रीचं.”

“बाई, ही तबकडी हाताने जुळवणं फार अवघड असतं. केसभर हलली तरी—”

“केसभरच हलवायचंय. हाड बसवताना काय फूटभर हलवतात?”

मग त्या आत चहा करायला गेल्या आणि मी टपावर चढलो. काळा तुकडा उपटला. ग्लोव्ह बॉक्समागचा फोन काढून खिशात टाकला. टपावर गोंदाचा डाग राहिला होता, तो अंगठ्याने खरवडून काढला. पहिलं पाप केलं तेव्हा मी घाईत होतो. हे सावकाश केलं.

बाईंनी काकांना खुर्ची टाकून बाहेर बसवलं, होकायंत्र त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, “अहो, आग्नेय कुठे?” काकांनी होकायंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. हात उचलला आणि दाखवला. मी होकायंत्रावर ताडून पाहिलं. बायको हरवलेल्या माणसाला दिशा पाठ होती.

नंतरचा तो तासभर मी विसरणार नाही. बाईंनी दोन्ही हात तबकडीच्या कडांवर ठेवले आणि डोळे मिटले. रिसीव्हरची बारीक शिटी जवळ-लांब होत होती. मी पाना धरून उभा. “सैल कर. अजून. थांब.” वारा आला की त्या अंगाने तबकडीला आडोसा द्यायच्या आणि हात तिथेच ठेवायच्या. आत तुटलेलं हाड दिसत नाही, बोटांना कळतं, तसं त्या आभाळात काहीतरी चाचपत होत्या. मी रोज ज्याच्या नावाने थाप मारत होतो, ती वस्तू खरोखर तिथे वर होती, आणि ही बाई ती हाताने शोधत होती. शिटी एकाएकी अखंड झाली.

“आवळ,” त्या कुजबुजल्या.

मी आवळलं. गाणं आलं. तेच स्टेशन, लंडनचं, पण या वेळी खरंच वरून. काका म्हणाले, “हा तुझ्यासोबत बघितला.”

बाईंनी एवढ्यावर थांबायचं नाही असं ठरवलं होतं. दाराला कुलूप लावा असं सगळे सांगत होते. त्यांनी ऐकलं नाही. “इंटरव्हलला माणूस बाहेर येणारच,” त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून पिकअपमध्ये वड्यांचा डबा आला. गाणं थांबलं आणि काका “इंटरव्हल” म्हणाले, की दोघं उतरत, हौद्याचं फळकूट पाडून त्यावर बसत आणि वडे खात. पाऊस असला तर छत्रीत. गाणं तुटायची भीतीच त्यांनी घरातून काढून टाकली. असं मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. पण त्या पुळणीवर मात्र त्या परत कधी गेल्या नाहीत. तिकडचा रस्ता आला की म्हणत, “तिथे मला जागा कळत नाही.”

२०१९ साली बाई निवृत्त झाल्या. काकांना घेऊन नागपूरला परत जायचं ठरलं, पिकअप त्या ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याला द्यायची ठरली. शेवटच्या शनिवारी म्हणाल्या, “चल इंजिनियर, जरा फिरून येऊ,” आणि गाडी पुळणीकडे घेतली. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी गाडी त्याच जागी, तशीच लावली. तबकडी जुळवायला त्यांना आता दोन मिनिटंही लागत नसत. गाणं लागलं. आम्ही तिघं पुढच्या सीटवर, काका मध्ये.

“बघ,” बाई म्हणाल्या, “आज येतंय. तेव्हा काय चुकलं ते मला अजून सापडलेलं नाही.”

मी सांगितलं. समोर समुद्राकडे बघत, सगळं.

बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर पेशंटला विचारतात तसं विचारलं, “फोन कुठे होता?”

“ग्लोव्ह बॉक्सच्या मागे.”

“आणि टपावरचं ते?”

“नुसतं चिकटवलेलं.”

“त्या दिवशी इथे रेंज गेली होती.”

“हो.”

“उपग्रहाचा काही संबंध नव्हता.”

“नव्हता, बाई.”

मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या शेतकऱ्यासारखं मलाही काहीतरी बोलून ट्रॅक्टरवर चढवतील, अशी आशा होती. गाणं संपलं. काका म्हणाले, “इंटरव्हल.” बाई उतरल्या, त्यांना हाताला धरून उतरवलं, डबा उघडून एक वडा त्यांच्या हातात दिला. मग डॅशबोर्डवरचं होकायंत्र काढून दुसऱ्या हातात ठेवलं.

“अहो, आग्नेय कुठे?”

काकांनी वड्याचा हात उचलला. तो गाडीच्या नाकावरून सरळ, वाळूवरून, मोकळ्या आभाळात गेला.

बाई त्या हाताच्या रेषेत बघत राहिल्या. माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

“ऐकलंत का हो,” त्या काकांना म्हणाल्या, “त्या दिवशी गाडी मी बरोबर लावली होती.”